डिजिटल फीत-कॅमेरा : रचना, वापर आणि बोलींच्या अभ्यासातील त्याचे स्थान

बोलीचे सर्वेक्षण करणाऱ्या अभ्यासकास कानाइतकाच डोळ्याचाही उपयोग होतो, ही गोष्ट ध्वनिविचारावरील ग्रंथांतून फारशी सांगितली जात नाही. 'फूल' हा शब्द उच्चारताना एक मराठी भाषक दोन्ही ओठ मिटून महाप्राण 'फ' काढतो, तर दुसरा वरचे दात खालच्या ओठावर टेकवून घर्षक 'फ' काढतो. ध्वनिमुद्रण थोडे अस्पष्ट असेल तर या दोहोंतील भेद कानाने निश्चित करणे कठीण जाते आणि दोन जाणकार श्रोते दोन निराळे निर्णय देतात. वक्त्याचा चेहरा समोर असेल तर मात्र वादास जागाच उरत नाही. ओठ मिटले की नाही, हे कोणासही दिसते. 'व'च्या उच्चारासंबंधीही असेच म्हणता येईल. हातवारे, मान हलविणे, बोलता बोलता एखाद्या वस्तूकडे निर्देश करणे यांवाचून तर कित्येक सर्वनामांचा अर्थच लागत नाही.

असे असूनही भारतीय भाषांच्या अभ्यासाला चित्राची जोड दीर्घकाळ मिळाली नाही. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९१३ ते १९२९ या काळात त्या सर्वेक्षणास जोडून ग्रामोफोनच्या तबकड्यांवर भारतीय बोलींचे नमुने मुद्रित करण्यात आले. त्यांतून आवाज राहिले, बोलणारे राहिले नाहीत. डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण केले, त्यातील 'कुडाळी'सारख्या ग्रंथांतून (१९६५) बोलीची सामग्री वाचकापुढे येते ती लिप्यंतरित रूपात. चित्रपटाची फिल्म व तिचा कॅमेरा हे प्रकरण एकट्या संशोधकास, किंबहुना एखाद्या विद्यापीठीय विभागासही, परवडण्याजोगे नव्हते. ही अडचण खऱ्या अर्थाने दूर झाली ती १९९५ नंतर, म्हणजे 'डीव्ही' नावाने ओळखली जाणारी डिजिटल चित्रमुद्रणाची पद्धती आणि तिचा लहानसा 'मिनी-डीव्ही' कॅमेरा बाजारात आल्यावर. त्यापुढील सुमारे पंधरा वर्षांत जगभर भाषांचे जे चित्रमुद्रण झाले, त्याचा मोठा हिस्सा या कॅसेटवर आहे. असे कॅमेरे आज तयार होत नाहीत. कॅसेट मात्र विभागांच्या कपाटांतून आणि अभ्यासकांच्या घरांतून पडून आहेत, आणि त्यांवर बोलणाऱ्या वृद्धांपैकी पुष्कळ जण आता हयात नसतील. म्हणूनच या यंत्राची रचना समजून घेणे ही केवळ हौसेची बाब राहिलेली नाही.

प्रथम नावाविषयी. 'कॅमकॉर्डर' हा इंग्रजी शब्द 'कॅमेरा' आणि 'रेकॉर्डर' या दोन शब्दांचे तुकडे जोडून झालेला आहे, आणि वस्तूही तशीच आहे. पूर्वी चित्र घेणारे यंत्र वेगळे व ते फितीवर नोंदविणारे यंत्र वेगळे असे. पट्ट्याने खांद्याला लटकविलेली जड पेटी घेऊन हिंडावे लागे. दोन्ही एका कवचात आल्यावर हा जोडशब्द रूढ झाला. मराठी भाषकांनी तो फारसा स्वीकारला नाही. त्यांनी एका कंपनीचे व्यापारी नाव उचलून सर्वच कंपन्यांच्या यंत्रांस 'हँडीकॅम' म्हणावयास आरंभ केला. वनस्पती तुपास 'डालडा' आणि छायाप्रतीस 'झेरॉक्स' म्हणणाऱ्या समाजाने असे करावे यात नवल नाही.

डीव्ही पद्धती ही एका कंपनीची निर्मिती नव्हे. अनेक उत्पादकांनी एकत्र येऊन तिचा आराखडा निश्चित केला, आणि त्यामुळे एका कंपनीच्या कॅमेऱ्यातील कॅसेट दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात चालू शकते. १९९५ मध्ये आलेला सोनीचा डीसीआर-व्हीएक्स १००० हा या वर्गातील आरंभीचा व पुढे नावाजलेला कॅमेरा. त्यात लाल, हिरवा व निळा प्रकाश वेगवेगळा टिपणारे तीन संवेदक होते, आणि मुद्रित सामग्री जशीच्या तशी संगणकात नेण्यासाठी 'फायरवायर' नावाची जोडणी होती. कॅननचा एक्सएल १ (१९९७) आणि सोनीचा पीडी १५० (२०००) हेही पुष्कळांच्या परिचयाचे. ही यंत्रे व्यावसायिक चित्रणालाही पुरेशी ठरली. डॅनिश दिग्दर्शक टॉमस विंटरबर्ग यांचा 'फेस्टेन' हा १९९८ मधील चित्रपट तर तळहातावर मावणाऱ्या मिनी-डीव्ही कॅमेऱ्याने घेतलेला आहे.

आता फितीकडे वळू. मिनी-डीव्ही कॅसेट ६६ मिलिमीटर लांब, ४८ रुंद आणि सुमारे १२ जाड, म्हणजे आगपेटीहून किंचित मोठी असते. आतील फितीची रुंदी ६.३५ मिलिमीटर, म्हणजे पाव इंच. नेहमीच्या वेगाने ती सेकंदाला १८.८ मिलिमीटर सरकते. एका तासाच्या मुद्रणासाठी त्यामुळे सुमारे ६८ मीटर फीत लागते. एवढ्या मंद गतीने सरकणाऱ्या फितीवर चित्राची प्रचंड सामग्री कशी मावते, असा प्रश्न साहजिकच पडेल. त्याचे उत्तर फितीच्या गतीत नाही. ते मुद्रण करणाऱ्या शीर्षाच्या गतीत आहे. या शीर्षास व्यवसायात 'हेड' म्हणतात. कॅमेऱ्यात २१.७ मिलिमीटर व्यासाचा एक धातूचा दंडगोल असतो व तो मिनिटाला ९००० फेरे घेतो. त्याच्यावर समोरासमोर दोन शीर्षे बसविलेली असतात. फीत या दंडगोलाला तिरपी लपेटून जाते, त्यामुळे प्रत्येक शीर्ष तिच्यावर एकेक तिरकस रेघ ओढीत जाते. सेकंदाला दीडशे फेरे आणि दोन शीर्षे, म्हणजे सेकंदाला तीनशे रेघा. शीर्ष आणि फीत यांचा परस्परसापेक्ष वेग अशा रीतीने सेकंदाला दहा मीटरांहून अधिक होतो.

अशा एका रेघेची रुंदी १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. माणसाच्या केसाच्या जाडीत अशा पाचसात रेघा सहज बसतील. भारतात प्रचलित असलेल्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रचौकटी असतात आणि एका चौकटीसाठी १२ रेघा लागतात. अमेरिकेत व जपानात प्रचलित असलेल्या एनटीएससी पद्धतीत चौकटीस १० रेघा पुरतात. प्रत्येक रेघेत चार प्रकारची सामग्री ठरावीक जागी असते : शीर्षाला मार्ग दाखविणारा आरंभीचा संकेत, मग ध्वनी, मग चित्र आणि शेवटी उपसंकेत. कालांक या उपसंकेताच्या भागात नोंदविला जातो. दिनांक, वेळ, भिंगाच्या छिद्राचे व झडपेचे माप ही माहितीही चित्रासोबत मुद्रित होते. ती पडद्यावर दिसत नाही, पण योग्य साधनाने पुन्हा वाचता येते. एखाद्या कॅसेटवर काहीच लिहिलेले नसेल तर ती कोणत्या दिवशी मुद्रित झाली, हे सांगणारा हा एकमेव साक्षीदार ठरतो. परंतु साक्षीदार विश्वसनीय हवा. कॅमेऱ्याच्या आतील घड्याळाची बटनासारखी बॅटरी संपलेली असेल, तर हा दिनांक भलताच निघतो.

चित्र फितीवर जाण्यापूर्वी त्याचा संक्षेप केला जातो. पाल पद्धतीत एका चौकटीत आडवे ७२० आणि उभे ५७६ चित्रबिंदू असतात. त्यांची मूळ सामग्री सेकंदाला सुमारे १२४ मेगाबिट भरते. ती पाचास एक या प्रमाणात आटवून २५ मेगाबिट केली जाते. या आटविण्यात एक गोष्ट अभ्यासकाच्या फायद्याची आहे. प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे संक्षिप्त होते, तिला मागील वा पुढील चौकटीचा आधार लागत नाही. २००३ मध्ये याच कॅसेटवर अधिक सूक्ष्म चित्र मुद्रित करणारी 'एचडीव्ही' पद्धती आली. तिने हा नियम सोडला आणि सुमारे अर्ध्या सेकंदाच्या चौकटींचा एकेक गट परस्परांवर अवलंबून ठेवला. त्यामुळे एचडीव्हीच्या फितीवर एक लहानसा ओरखडाही अर्धा सेकंद गिळू शकतो. साध्या डीव्हीत तो एका चौकटीपुरता राहतो.

आता ज्या भागाकडे भाषाभ्यासकाने सर्वांत अधिक लक्ष द्यावे, पण जो बहुधा दुर्लक्षित राहतो, तो भाग. फितीवरील सामग्रीत थोडाफार बिघाड होणारच हे गृहीत धरून या पद्धतीत दोषदुरुस्तीची अतिरिक्त चिन्हे मुद्रित केलेली असतात. ती धरून फितीवर सेकंदाला जवळजवळ ४२ मेगाबिट लिहिले जातात. बिघाड अल्प असेल तर या चिन्हांच्या आधारे मूळ सामग्री अचूक परत मिळते. तेथे खरोखरच काहीही गमावलेले नसते. बिघाड त्याहून मोठा असेल तर मात्र यंत्र निराळा मार्ग धरते. जो चौकोनी तुकडा वाचता आला नाही, त्याच्या जागी ते मागील चौकटीतील त्याच जागेचा तुकडा आणून बसविते. यास दुरुस्ती म्हणणे चूक ठरेल. ते झाकणे आहे. विवाहसमारंभाच्या चित्रणात हे झाकणे सोयीचे असते, पाहणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. पण प्रारंभी दिलेले 'फूल'चे उदाहरण येथे पुन्हा आठवावे. ओठ मिटण्याचा काळ बहुधा शंभर मिलिसेकंदांच्या आतबाहेर असतो आणि एक चौकट चाळीस मिलिसेकंदांची असते. म्हणजे मिटलेले ओठ दोन किंवा तीन चौकटींतच दिसणार. नेमक्या त्या चौकटींत तोंडाच्या जागेचे तुकडे वाचता आले नाहीत आणि यंत्राने मागील चौकटीतील उघडे ओठ तेथे आणून बसविले, तर पडद्यावर दिसणारा पुरावा खोटा असेल. या वक्त्याच्या बोलीत ओठ मिटत नाहीत, असा निष्कर्ष अभ्यासक काढील, आणि तो काढताना त्याला जराही संशय येणार नाही. ध्वनीच्या बाबतीतही बिघडलेले नमुने दुरुस्त न झाल्यास यंत्र तेथे शांतता भरते अथवा आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाज बांधते. स्पर्शव्यंजनाच्या आधीची शांतता मोजणाऱ्यास ही शांतता भाषेची की यंत्राची, असा प्रश्न पडावयास हवा.

सुदैवाने यंत्र झाकते ते गुपचूप झाकीत नाही. झाकलेल्या प्रत्येक तुकड्यावर ते तशी खूण ठेवते, आणि ही खूण फायरवायरने संगणकात घेतलेल्या मूळ प्रवाहात टिकून राहते. 'डीव्ही-रेस्क्यू' नावाचे विनामूल्य साधन अशा खुणा चौकटीगणिक मोजून दाखविते, आणि एकाच कॅसेटच्या दोनतीन वाचनांतून प्रत्येक चौकटीचे उत्तम वाचन निवडून एक निर्दोष प्रत जुळविते. धूळ, शीर्षाचा मळ अथवा फितीचा ताण यांमुळे पहिल्या वाचनात गेलेले तुकडे दुसऱ्या वाचनात पुष्कळदा परत मिळतात. हाच प्रवाह एकदा दुसऱ्या प्रकारच्या फाइलीत रूपांतरित केला की खुणा पुसल्या जातात, आणि मग खरे चित्र व झाकलेले चित्र यांत भेद करण्याचा कोणताही उपाय उरत नाही.

मुद्रणाच्या वेळी घ्यावयाच्या काळजीचा विचार करताना ध्वनीस अग्रस्थान द्यावे लागेल. डीव्हीत ध्वनिमुद्रणाचे दोन प्रकार आहेत : सेकंदाला ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा, असे दोन मार्ग, किंवा ३२,००० नमुने आणि १२ बिट, असे चार मार्ग. पुष्कळ घरगुती कॅमेरे कारखान्यातून बाहेर पडताना दुसऱ्या प्रकारावर लावलेले असत, आणि पुस्तिका न वाचणाऱ्याच्या हातून ते तसेच राहत. ३२,००० नमुन्यांत १६,००० हर्ट्झपर्यंतचे कंप टिपता येतात, म्हणून वारंवारतेच्या दृष्टीने मराठीतील ऊष्म वर्णांची विशेष हानी होत नाही. हानी होते ती १२ बिटांच्या ओबडधोबड मापामुळे. 'चार' आणि 'चारा' यांतील 'च' लिपीत एकच आहे, पण उच्चारात एक तालव्य व दुसरा दंत्य. विश्व या अर्थीचे 'जग' आणि 'जगणे' या क्रियापदाचे आज्ञार्थी 'जग' यांतही हाच भेद. अशा वर्णांच्या घर्षणातील सूक्ष्म फरक मोजावयाचे असतील तर १६ बिटांचा प्रकारच घेतला पाहिजे.

याहूनही अधिक अनर्थ करणारी सोय म्हणजे आवाजाची पातळी आपोआप जुळविणारी यंत्रणा. वक्ता मोठ्याने बोलू लागला की ती आवाज दाबते. तो थांबला की ती पातळी उचलून धरते. त्यामुळे वक्त्याच्या विरामात मागचा पंखा आणि पत्र्यावरचा पाऊस मोठ्याने ऐकू येतो, आणि विराम संपून पहिले अक्षर उच्चारले जाते तेव्हा ते अकस्मात दाबले जाते. अशा मुद्रणावरून आघाताचा किंवा स्वराच्या तीव्रतेचा अभ्यास करणे व्यर्थ आहे. जेथे ही यंत्रणा बंद करून पातळी हाताने ठरविता येते, तेथे ती ठरवावी आणि सर्वांत मोठा आवाजही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे. शून्याच्या पलीकडे डिजिटल मुद्रणात काहीच नसते. लाटेचे शेंडे कापले जातात आणि ते पुन्हा मिळत नाहीत. कॅमेऱ्यातील अंगभूत मायक्रोफोन दंडगोलाच्या फिरण्याची गुणगुण टिपतो, आणि तो वक्त्यापासून दूरही असतो. वक्त्याच्या उपरण्याला किंवा पदराला अडकविण्याजोगा बाह्य मायक्रोफोन, आणि मुद्रण करणाऱ्याच्या कानांवर हेडफोन, या दोन वस्तूंवाचून क्षेत्रात जाऊ नये. पडद्यावर हलणारी पातळीची पट्टी आवाज आहे एवढेच सांगते. तो वक्त्याचा आहे की शेजारच्या पिठाच्या गिरणीचा, हे कानच सांगतो.

चित्राबाबत थोडक्यात. वक्त्यास दाराकडे पाठ करून बसविल्यास चेहरा काळवंडतो; पडवीत, उघड्याकडे तोंड करून बसविल्यास अन्य दिव्याची गरज पडत नाही. डिजिटल झूम पूर्णपणे बंद ठेवावे, कारण ते असलेलेच बिंदू फुगविते, नवे काही देत नाही. कॅमेरा तिपाईवर असावा. ओठांच्या हालचाली टिपावयाच्या असतील तर झडपेचा वेग सेकंदाच्या शंभराव्या भागाहून मंद नको, एरवी हलता ओठ पुसट येतो. या पद्धतीत प्रत्येक चौकट दोन अर्धचित्रांची असते, एकात विषम ओळी आणि दुसऱ्यात सम, व ती वीस मिलिसेकंदांच्या अंतराने घेतलेली असतात. ती पृथक् केल्यास सेकंदाला पन्नास चित्रे मिळतात. म्हणजे अभ्यासकाची कालमापनाची पट्टी दुप्पट सूक्ष्म होते. संगणकावरील अनेक साधने मात्र ही अर्धचित्रे आपणहून मिसळून टाकतात, याचे भान असावे. आणखी एक फसवी गोष्ट अशी की, ७२० गुणिले ५७६ हे बिंदू चौरस नसतात. ते चौरस धरून चित्र पाहिल्यास चेहरा अरुंद दिसतो, आणि ओठांच्या गोलाईचे आडवे माप सहा ते नऊ टक्के कमी भरते.

फीत वापरण्याचे काही नियम वरील रचनेतूनच निघतात. बहुतेक कॅमेऱ्यांत एक मंद गतीची सोय असते. तिच्यामुळे साठ मिनिटांच्या कॅसेटवर नव्वद मिनिटे मावतात; पण रेघेची रुंदी १० वरून ६.७ मायक्रॉनवर येते. दोन कॅमेऱ्यांच्या शीर्षांच्या जुळणीत किंचित अंतर असतेच. दहा मायक्रॉनच्या रेघेत ते खपून जाते, त्याहून अरुंद रेघेत खपत नाही. परिणाम असा की, अशी कॅसेट ज्या कॅमेऱ्यावर मुद्रित झाली त्याच्यावरच पुष्कळदा नीट वाचली जाते, आणि तो कॅमेरा एव्हाना भंगारात गेलेला असतो. कॅसेटचे काही रुपये वाचविण्यासाठी केलेल्या या काटकसरीइतकी महाग काटकसर क्वचितच दुसरी असेल.

कालांकाचा प्रश्नही असाच. तासाचे आकडे, मिनिटे, सेकंद आणि चौकट असा हा क्रमांक फितीवर सलग चालतो, तो केवळ मुद्रण सलग असेपर्यंत. मधे कोरी जागा राहिली की यंत्रास मागचा क्रमांक सापडत नाही आणि ते पुन्हा शून्यापासून मोजू लागते. मग एकाच कॅसेटवर 'पाचव्या मिनिटाचे विसावे सेकंद' दोनदा किंवा तीनदा येते, आणि टिपणवहीतील संदर्भ कोणत्या जागेचा, हे सांगता येत नाही. एलान यासारख्या साधनात वाक्यावाक्याची टीपा लावणाऱ्यासही याचा त्रास होतो. म्हणून प्रत्येक प्रसंग संपल्यावर पाचदहा सेकंद मुद्रण चालूच ठेवावे. मधे घेतलेला भाग पाहिला असल्यास, पुढील मुद्रणापूर्वी फीत त्या जादा भागावर आणून मगच सुरुवात करावी. कॅसेटच्या आरंभीची अर्ध्या मिनिटाची फीत मोकळ्या बोलण्यासाठी राखावी. या भागास सर्वाधिक ताण बसतो, तेथे कथा सुरू करू नये. त्याऐवजी गावाचे नाव, दिनांक, वक्त्याची ओळख आणि त्याची संमती ही वक्त्याच्याच तोंडून तेथे घ्यावी. चिठ्ठी गळून पडते, मुद्रित वाक्य कॅसेटपासून वेगळे होत नाही. कॅसेट बाहेर काढताच तिच्या कडेवरील लहान सरकपट्टी सरकवून पुनर्मुद्रणास बंदी करावी.

कोकणात काम करणाऱ्यांनी दमटपणाविषयी विशेष दक्ष असावे. वातानुकूलित वाहनातून अथवा खोलीतून बाहेरच्या उष्ण दमट हवेत कॅमेरा आणला की थंड दंडगोलावर दव धरते, आणि ओली फीत त्याला चिकटून फाटू शकते. कॅमेरा दवाची सूचना देऊन बंद पडतो, तेव्हा त्याच्याशी झगडू नये. कॅसेट काढून तासभर थांबावे. चित्रात आडवे पट्टे अथवा चौकोनी ठिगळे दिसू लागली तर बहुधा एक शीर्ष मळाने भरलेले असते. कोरड्या साफसफाईची कॅसेट दहा सेकंद चालवावी, त्याहून अधिक नव्हे, कारण तिचा पृष्ठभाग खरखरीत असतो आणि शीर्षही झिजविते.

उरला प्रश्न आज हाती असलेल्या कॅसेटचा. युनेस्को आणि ध्वनिचित्र-संग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसए यांनी २०१९-२० मध्ये चुंबकीय फितींविषयी जगभर इशारा देणारा उपक्रम हाती घेतला. फिती वाचणारी यंत्रे २०२५ च्या सुमारास नित्य वापरातून जातील, असा तज्ज्ञांचा अंदाज त्यामागे होता. अंदाज अवास्तव नव्हता. फायरवायरचे छिद्र असलेले संगणक बाजारातून गेले, आणि ॲपलच्या २०२५ मधील संगणक-प्रणालीतून त्या जोडणीचा आधारही काढून टाकण्यात आला. जुना संगणक, अथवा फायरवायरचे कार्ड बसविलेला लिनक्सचा संगणक, असे मार्ग मात्र अजून उरले आहेत. कॅमेऱ्याकडील छिद्र चार टाचण्यांचे आणि संगणकाकडील सहा किंवा नऊ टाचण्यांचे असते, हे पाहून दोरी घ्यावी. कॅमेऱ्याला यूएसबीचे छिद्र असले तरी त्यातून पुष्कळदा केवळ स्थिरचित्रे किंवा हलक्या प्रतीचे चित्र येते. बाजारातील दुकानदार पिवळ्या-लाल-पांढऱ्या दोऱ्यांनी कॅमेरा जोडून डीव्हीडी करून देतात. ते काम घरगुती समारंभास ठीक आहे. त्यात डिजिटल सामग्रीचे एकदा लहरींत आणि पुन्हा अंकांत रूपांतर होते, कालांक जातो, मूळ दिनांक जातो, आणि झाकलेल्या तुकड्यांच्या खुणाही जातात.

फायरवायरने होते ते रूपांतर नव्हे. फितीवरील अंक जसेच्या तसे संगणकात उतरतात. एका तासाची कॅसेट उतरविण्यास एक तास लागतो, त्यात घाई करता येत नाही, आणि फाइल सुमारे १३ गिगाबाइटची होते. शंभर कॅसेटसाठी १.३ टेराबाइट जागा पुरते, म्हणजे खिशात मावणारी एक हार्ड डिस्क. खर्च आहे तो वेळेचा. शंभर तासांचे वाचन, त्यावर दोषांची तपासणी, सदोष कॅसेटचे पुनर्वाचन, आणि प्रत्येक फाइलीस गाव, दिनांक व वक्ता दर्शविणारे नाव. विद्यार्थ्यांना वाटून दिल्यास एका सत्रात हे काम उरकण्याजोगे आहे. प्रथम मंद गतीने मुद्रित झालेल्या व एचडीव्हीच्या कॅसेट घ्याव्यात, कारण त्यांना वाचणारे यंत्र आधी दुर्मिळ होणार आहे. मूळ प्रवाह तसाच राखून त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. पाहण्यासाठी हलकी प्रत हवी असल्यास ती मूळ फाइलीवरून वेगळी काढावी.

उतरविलेल्या कॅसेट टाकून देऊ नयेत. त्या पूर्ण गुंडाळून, उभ्या, चुंबकापासून व भिंतीच्या ओलीपासून दूर, कोरड्या थंड जागी ठेवाव्यात. आज जे तुकडे वाचता आले नाहीत, ते उद्या अधिक नीट जुळणी केलेल्या एखाद्या यंत्रावर वाचले जाणे शक्य आहे.